एका जुन्या होडीची दुरुस्ती

(आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास आपणांपुढें मांडला. ख्रिस्तमंदिर कसें उभें राहिलें, शाळेची पहिली खोली कशी बांधली, विहिरीस पाणी कसें लागलें, हें सर्व आपण ऐकलें. आतां आमच्याकडे आलेलें काम त्या मानानें लहान आहे. ख्रिस्तमंदिराच्या आवारांत, पत्र्याच्या मांडवाखालीं, जी पांढरी होडी पालथी घातलेली आपण दर रविवारीं पाहतां, तिची हकीकत सांगावी अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली. ही हकीकत आमच्या कौतुकाची नाहीं. तींत आमची चूक बरीच आहे. तथापि चूक झांकून ठेवल्यानें काय होतें हाच या हकीकतीचा विषय असल्यामुळें ती झांकून सांगणें आम्हांस शोभणार नाहीं.

प्रथम कोणी विचारील कीं, वऱ्हाडांत होडीचें काय काम? आपलीं कुटुंबें अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर व अकोला या लोहमार्गाच्या कांठानें पसरलेलीं. आपणांपैकीं कित्येकांनीं समुद्राची भरतीओहोटी जन्मांत पाहिलेली नाहीं. हा आक्षेप खरा, पण अर्धाच खरा आहे. जी पूर्णा वैशाखांत वाळूची पट्टी होऊन पडते, तीच श्रावणांत पैलतीर दिसेनासें करते. मोर्शी तालुक्यांत सिंभोऱ्यास ऊर्ध्व वर्धा धरणाचें आणि अकोला जिल्ह्यांत महान येथें काटेपूर्णा धरणाचें विस्तीर्ण पाणी आहे, व त्या पाण्यावर मासे धरून पोट भरणारीं घरें आहेत. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत मोर्णा नदी फुगली आणि अकोला शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें, तें आपल्यांतील कांहींनीं स्वतःच्या घरांत पाहिलें. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या १४ तारखेस वरुड तालुक्यांत, वर्धा नदीवर, झुंज येथें होडी उलटून अकरा माणसें बुडालीं. तेव्हां वऱ्हाडांत होडी लागत नाहीं हें म्हणणें सोडून द्यावें. होडी लागते, मात्र ती सांभाळण्याची विद्या आपणांकडे पिढीजात नाहीं, आणि आमची फजिती झाली ती याच ठिकाणीं.

पुराच्या वेळीं उपयोगी पडावी म्हणून वसईच्या किनाऱ्यावरील एका ख्रिस्ती कोळी कुटुंबानें आपली जुनी होडी आपल्या धर्मग्रामास दिली. होडी अठरा फूट लांब, कांचतंतूची, म्हणजे ज्यास आपण सर्वजण फायबर म्हणतों त्याची. मालमोटारींतून ती येथें आली त्या दिवशीं मुलांनीं फटाके वाजविले. आम्हीं तिच्या मागच्या बाजूस, इंजिनाच्या शेजारीं, देणगीदारांच्या नांवांचा एक पितळी फलक चार स्क्रूंनीं घट्ट बसविला. ते चार स्क्रू आपण ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

ही होडी कशी बांधलेली असते तें थोडक्यांत सांगतों. कांचेचे केसासारखे बारीक तंतु काढून त्यांचें कापड विणतात किंवा चटई करतात. ती सांच्यांत पसरून तिच्यांत रेझीन नांवाची पातळ राळ भिनवितात. राळ घट्ट झाली कीं दगडासारखें पण हलकें कवच तयार होतें. अमेरिकेंत ओहायो प्रांतीं रे ग्रीन नांवाच्या गृहस्थांनीं १९४२ सालीं या रीतीनें होडी केली, तेव्हांपासून ही विद्या जगभर पसरली, आणि आपल्या कोंकण किनाऱ्यावरही लाकडी होड्यांच्या जोडीला ती आली. या कवचास वाळवी लागत नाहीं, गंज चढत नाहीं. त्यामुळें लोकांचा समज होतो कीं, ही होडी अमर आहे. आमचाही तसाच समज होता.

परंतु नुसतें कवच लवचिक असतें. सुपाची पाठ दाबली असतां जशी लवते तशी तीही लवते. म्हणून त्याच्या आंत लाकूड घालतात. होडीच्या मागच्या टोंकास जी उभी सपाट भिंत असते, जिला कारागीर ट्रान्सम म्हणतात, तिच्या पोटांत दीड इंच जाडीचें प्लायवूड असतें. त्याच्या दोन्ही अंगांस कांचतंतूचें कवच. तिला आपण मागची फळी म्हणूं. आणि होडीच्या तळाशीं, पायाखालच्या पाटाच्या खालीं, पुढून मागपर्यंत लांब लांकडें जातात. त्यांस स्ट्रिंगर म्हणतात. त्यांस आपण तळच्या तुळया म्हणूं. घराला जसें आढें तशा होडीला या तुळया. इंजिन टांगलेलें असतें मागच्या फळीवर. तें पाणी मागें लोटतें आणि होडी पुढें ढकलतें. तो सगळा जोर फळी सोसते, फळी तो तुळयांस देते, आणि तुळया तो साऱ्या तळावर वांटून देतात. या दोहोंपैकीं एकही पोकळ झालें तर बाहेरचें कवच कितीही चकचकीत असो, होडी म्हणजे रंगविलेली टोपलीच.

आतां आमची चूक. होडी आल्यावर आम्हीं ती कडुनिंबाखालीं सरळ, म्हणजे आकाशाकडे तोंड करून ठेवली. पावसाचें पाणी आंत सांचे; निंबाचा पाला त्यांत पडून कुजे; पाणी वाहून जाण्याचें बूच त्या पाल्यानें तुंबे. पूर येईल तेव्हां होडी काढूं, तोंपर्यंत ती कशास हलवावी, अशा विचारांत तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षीं मागच्या फळीवर केसासारख्या भेगा दिसूं लागल्या आणि फलकाच्या स्क्रूखालून तांबूस पाण्याचा ओघळ आलेला दिसला. आम्हीं काय केलें? भेगांवर कांचतंतूची एक चटई चिकटविली, वर दोन हात पांढरा रंग दिला, फलक उजळून पुन्हां जागच्या जागीं बसविला, आणि रविवारीं मिस्सानंतर सर्वांस सांगितलें कीं, होडी दुरुस्त झाली. पी हळद नि हो गोरी, असा तो प्रकार होता.

त्या डिसेंबरांत रीतसर परवानगी घेऊन आम्ही होडी ऊर्ध्व वर्धेच्या पाण्यावर नेली. होडींत आम्ही व तीन तरुण, असे चौघे होतों. तरंगण्याचीं जाकिटें दोनच होतीं. कांठापासून बरेंच दूर गेल्यावर इंजिनास पूर्ण जोर दिला, तोंच मागून वाळलेलें पाटें मोडावें तसा आवाज झाला. मागची फळी आंतल्या अंगानें फाटली, इंजिन मागें कलंडलें, आणि त्या कोंपऱ्यावरून पाणी आंत येऊं लागलें. इंजिनास एक दोर बांधलेला होता म्हणून तें बुडालें नाहीं. दोघे वल्हीं मारीत व दोघे बादलीनें पाणी उपसीत पाऊण तासानें कांठास लागलों. प्रभूच्या कृपेनें सर्वजण सुखरूप आले. पण त्या तिघांपैकीं एकास पोहतां येत नव्हतें, आणि हें आम्हांस ठाऊक होतें.

संध्याकाळीं त्या मुलाची आई आमच्या ओट्यावर आली. ती रागावली नाहीं, रडलीही नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, “तुमीच सांगतलं होतं न भाऊ, डोंगा आता पक्का झाला म्हनून?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. होडी जुनी होती हा दोष देणाऱ्यांचा नव्हता. ती आंतून कुजली हा दोषही लाकडाचा नव्हता. ती कुजली आहे हें ओघळानें आम्हांस सांगितलें होतें, व आम्हीं त्याचें तोंड रंगानें बंद केलें होतें.

त्यानंतर आम्हीं होडी देणाऱ्या कुटुंबास पत्र लिहून सर्व हकीकत कळविली. उत्तरादाखल त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध सुतार जानेवारींत स्वतःच येथें आले. आम्ही सर्व त्यांस काका म्हणूं लागलों. लाकडी होड्या बांधण्यांत त्यांचें तरुणपण गेलें, आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यांत म्हातारपण चाललें आहे. त्यांनीं येतांच पहिल्यानें आमचा फलक काढला. चारपैकीं तीन स्क्रू बोटांनींच निघाले. चौथ्याबरोबर भिजलेल्या तंबाखूसारखा काळा भुसा बाहेर आला. काका म्हणाले, “इथून शिरलें पाणी.” ज्या फलकावर आम्हीं उपकार करणाऱ्यांचीं नांवें कोरलीं, त्याच फलकाच्या भोंकांनीं त्यांच्या देणगीचा घात केला होता, कारण भोंकें पाडल्यावर त्यांत राळ भरावी हें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें, व आम्हीं कोणास विचारलेंही नव्हतें.

येथें लाकूड कां कुजतें तें समजून घेतलें पाहिजे. कुजणें ही बुरशीची करणी आहे. बुरशीस तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि बेताची ऊब. लाकडांतील ओल शेंकडा २० च्या आंत राहिली तर बुरशी वाढूं शकत नाहीं. उलट लाकूड सदोदित पाण्याखालीं बुडून राहिलें तरी तिला हवा न मिळाल्यामुळें तें टिकतें; जुन्या विहिरींच्या तळाशीं जांभळाच्या लाकडाचें चाक बसवीत तें याच भरंवशावर. नाश होतो तो अर्धवट ओलीनें. कांचतंतूच्या दोन कवचांमध्यें कोंडलेल्या लाकडांत एकदां पाणी शिरलें कीं तें बाहेर पडत नाहीं. भेगांतून थोडी हवा मिळते. आणि आपल्या पावसाळ्याची ऊब तर बुरशीस हवी तितकीच असते.

दुसरी एक गोष्ट काकांनीं सांगितली ती ऐकून आम्ही चकित झालों. समुद्राचें खारें पाणी लाकडास जितकें कुजवितें त्याहून पावसाचें गोडें पाणी अधिक कुजवितें. मीठ बुरशीस मारक आहे. समुद्रांत लाकडाचा शत्रु तें पोखरणारा किडा असतो, बुरशी नव्हे. पूर्वींचे कित्येक जहाज बांधणारे तर जहाजाच्या फळ्यांमधील पोकळींत मुद्दाम मीठ भरून ठेवीत. म्हणजे आमची होडी वसईच्या खाऱ्या पाण्यांत कित्येक वर्षें नीट राहिली, आणि वऱ्हाडांत झाडाखालीं निजून तीन वर्षांत कुजली. आमच्यांतील एका शेतकरी बंधूनें त्यावर म्हटलें कीं, खारपाणपट्ट्याच्या खाऱ्या विहिरींस आम्ही जन्मभर नांवें ठेविलीं, आतां त्यांचा एक तरी गुण कळला.

काकांची परीक्षा करण्याची रीत अगदीं साधी. लहान हातोडीनें फळीवर बोट बोट अंतरावर ठोकावयाचें. निरोगी जागीं टणक आवाज येतो, कुजलेल्या जागीं भद्द असा येतो. जेथें शंका येईल तेथें आंतल्या बाजूनें बारीक भोंक पाडून भुसा पाहावयाचा: कोरडा व फिकट असेल तर लाकूड चांगलें, काळा व ओला असेल तर गेलेलें. इंजिन हातानें वरखालीं हालवून फळी लवते काय तेंही पाहावें. या रीतीनें खडूच्या खुणा करीत गेलों तेव्हां फळीचा दोन-तृतीयांश भाग, आणि उजव्या तुळईचे मागचे सात फूट, इतकें लाकूड मेलेलें निघालें. डावी तुळई चांगली होती. ती कां वांचली? तिच्यावर आम्हीं कांहीं ठोकलें नव्हतें.

होडी टाकून द्यावी कीं दुरुस्त करावी, असा प्रश्न तेव्हां निघाला. काकांनीं उत्तर दिलें कीं, बाहेरचें कवच अभंग असेल व होडीचा घाट वांकला नसेल तर लाकूड बदलतां येतें. कवचच पिचलें असेल तर पैसा घालूं नये. आमचें कवच अभंग होतें. मग काम सुरू झालें.

पहिलें काम कांपण्याचें नव्हे, टेंका देण्याचें. होडी सपाट जमिनीवर चार ठिकाणीं नीट टेंकवून, पाण्याच्या पातळीनें मोजून, समतल केली. आंतलीं हाडें काढल्यावर कवच मऊ पडतें. त्या वेळीं तें वांकडें बसलें तर नवें लाकूड घातल्यावर कायमचें वांकडें राहतें. मागच्या फळीच्या बाहेरच्या अंगास एक जाड सरळ दांडी आवळून बांधली, तीही याचसाठीं. तुळयांपैकीं एका वेळीं एकीसच हात लावावा असा काकांचा दंडक होता.

मग आंतल्या बाजूचें कवच कांपलें. बाहेरचें तसेंच ठेवलें. कडेनें दोनतीन इंचांचा कांठ राखला, कारण नवें कापड त्यावर धरावयाचें असतें. आंतलें लाकूड छिन्नीनें उकरूं लागलों तों त्याचा लगदा हातांत येऊं लागला. येथें आमच्या मनाची परीक्षा झाली. वीतभर उकरल्यावर लाकूड जरा घट्ट लागलें, तेव्हां आम्ही म्हटलें, आतां थांबावें. काका म्हणाले, “अजून काळें दिसतें.” आणखी वीतभर गेलों, काळेपणा गेला, पण ओल होती. काका म्हणाले, “अजून.” कोरडें, फिकट, निरोगी लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढें एक फूट जावयाचें, हा नियम त्यांनीं सोडला नाहीं. बुरशीचे तंतु डोळ्यांस दिसतात त्याच्या पुढें गेलेले असतात. चांगल्या लाकडाचा एक फूट वांचविण्याच्या लोभानें जो आजारी तंतु आंत ठेवतो, तो नव्या लाकडांत रोग पेरतो. तळाशीं भरलेला फोमही असाच पाणी पिऊन बसला होता. मूठभर वजनाचा फोम धोंड्यासारखा जड झालेला पाहून पाण्याचा शिरकाव किती गुपचूप होतो तें कळलें.

सर्व उकरून झाल्यावर कवच वाळूं दिलें. उघड्या होडीवर सावली करून तीन आठवडे वारा खेळविला. नंतर आंतील पृष्ठभाग घांसून जुन्या कांचेचा स्वच्छ पोत वर आणला. या कामांत कांचेची बारीक धूळ उडते. ती फुफ्फुसास व डोळ्यांस अपायकारक आहे. तोंडावर चांगला मुखवटा, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे घातल्याखेरीज काकांनीं कोणासही जवळ येऊं दिलें नाहीं.

नव्या लाकडाविषयीं मोठा वाद झाला. मेळघाटचा साग ज्यांच्या घरच्या दारांत आहे, ते बंधु म्हणाले, सागाची अखंड फळीच घाला, शंभर वर्षें पाहावयास नको. काकांनीं सागाची थोरवी मान्य केली; परंतु सागाच्या अंगांत तेल असतें व त्यामुळें राळ त्यास मनापासून धरीत नाहीं, आणि अखंड फळी ऋतुमानाप्रमाणें फुगते व आखडते, त्यानें कवच तडकतें, असें त्यांनीं समजावून दिलें. म्हणून मरीन प्लायवूड आणलें. त्यावर भारतीय मानकाचा ७१० हा आंकडा आहे कीं नाहीं तें आधीं पाहिलें. या जातीचे तुकडे बहात्तर तास उकळत्या पाण्यांत ठेवून त्यांचे थर सुटतात कीं काय हें पाहण्याची कसोटी असते. पुठ्ठ्याचा सांचा कांपून फळीचा आकार घेतला, आणि १८ मिलिमीटर जाडीचे दोन तक्ते एकमेकांस चिकटवून दीड इंचाची फळी तयार केली. तिच्या सर्व कडांस, विशेषतः जेथें लाकडाचे रेषे उघडे पडतात तेथें, राळ पिववली. कडा पितील तितकी पाजली. नोहास तारूं बांधण्याची आज्ञा झाली तेव्हां तें आंतून आणि बाहेरून डांबरानें लिंपण्यास सांगितलें होतें, हें आपण उत्पत्तीच्या पुस्तकांत वाचतों. आम्ही बाहेरून लिंपणारे. आंतून लिंपण्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं समजला.

राळ आम्हीं एपॉक्सी जातीची घेतली. ती जुन्या कवचास व लाकडास उत्तम धरते. तिचे दोन भाग कारखानदारानें सांगितलेल्या प्रमाणांतच, कांट्यावर तोलून मिसळावे लागतात. दुसरा भाग थोडा अधिक घातला म्हणजे ती लवकर आळते असें नाहीं. ती कायमची मऊ राहते. हें स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे, कीं अंदाजानें टाकावें. फळी बसवितांना राळेंत सिलिकेची भुकटी घालून ती श्रीखंडाइतकी दाट केली, आणि ती कवचावर खोबणीच्या फणीनें पसरून त्यावर फळी दाबली. दाबतांनाही बेताबेतानें, फार आवळलें तर सारी राळ बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. कडेनें थोडी राळ सर्व बाजूंनीं सारखी उमटली म्हणजे आंत पोकळी राहिली नाहीं असें समजावें. मग कोंपरे दाट राळेनें गोल भरले, कारण कांचेचें कापड काटकोनांत नीट बसत नाहीं. त्यावर विणलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या: पहिली चार इंच रुंद, दुसरी सहा, तिसरी आठ, म्हणजे जोर एका रेघेवर न येतां पायरीपायरीनें पसरतो. एका थरावर दुसरा थर दुसऱ्या दिवशीं देणें असेल तर वरची मेणचट साय पाण्यानें धुऊन व घांसून काढावी.

तुळईस जुना निरोगी भाग राखून नवा जोड दिला. जोड सरळ कांपला नाहीं. जाडीच्या दहापट लांब असा तिरकस कांपला, म्हणजे चिकटण्यास जागा भरपूर मिळते. तुळई कवचावर कोरडी टेंकूं दिली नाहीं; दाट राळेच्या गादीवर बसविली, कारण लाकडाची धार कवचास लागली तर लाटेच्या प्रत्येक धक्क्यास तेथेंच तडा जातो. तुळयांमधून पाणी बुचाकडे जाण्यास लहान वाटा असतात. त्या पूर्वीं नुसत्या कोरलेल्या होत्या आणि रोग तेथूनही शिरला होता. आम्हीं प्रत्येक वाटेंत नळीचा तुकडा बसवून भोंवतीं राळ भरली.

आपल्या हवेचा एक धडा स्वतंत्र सांगण्यासारखा आहे. हें काम फाल्गुनांत आलें. दुपारीं एक भांडें भरून कालवलेली राळ आमच्यांतील एका तरुणानें घटकाभर तशीच ठेवली. ती आपल्याच उष्णतेनें तापली, धूर सोडूं लागली आणि भांड्यासकट दगड झाली. तेव्हांपासून पहांटे पांच ते नऊ एवढाच वेळ काम केलें, राळ थोडी थोडी कालवली आणि खोल भांड्याऐवजीं पसरट परातींत घेतली. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत किंवा आषाढाच्या दमट हवेंत हें काम करूं नये. वऱ्हाडांत त्याचा ऋतु म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत.

शेवटीं इंजिनाच्या बोल्टांचीं भोंकें. काकांनीं प्रत्येक भोंक हवें त्याहून मोठें पाडलें, त्यांत दाट राळ ठासून भरली, आणि ती दगड झाल्यावर तिच्या मध्यांत बोल्टापुरतें भोंक पाडलें. आतां बोल्ट राळेंतून जातो, लाकडास शिवतही नाहीं. पुढें कधीं पाणी शिरलें तरी तें लाकडापर्यंत पोंचणार नाहीं. एवढीशी ही युक्ति. चार स्क्रूंच्या वेळीं आम्हीं ती केली असती तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

होडी पाण्यांत घातली तेव्हां पहिल्यानें माणसें बसविलीं नाहींत. माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून, कांठाजवळ, एकट्या नावाड्यानें सावकाश इंजिन चालविलें. परत येऊन पुन्हां हातोडीनें सारी फळी ठोकून पाहिली. तिसऱ्या दिवशीं माणसें बसलीं, आणि जितकीं माणसें तितकीं जाकिटें. पहिल्या खेपेस, त्या मुलाच्या आईची परवानगी विचारून, तोच मुलगा होडींत होता. ती कांठावर उभी होती. या वेळीं आम्हीं तिला “होडी पक्की झाली” असें सांगितलें नाहीं. कांपलेल्या लाकडाचे काळे तुकडे आणि नव्या लाकडाचे उरलेले तुकडे दोन्ही तिच्यापुढें ठेवले, व काय काय केलें तें क्रमानें सांगितलें. तिनें तें सर्व ऐकलें, हातोडी मागून घेतली, आणि स्वतः दोनचार ठिकाणीं ठोकून पाहिलें. मग म्हणाली, “जा.”

आतां होडी मांडवाखालीं पालथी असते, म्हणजे पाणी सांचत नाहीं व वारा खेळतो. बूच काढलेलें असतें. दर पावसाळ्याआधीं व नंतर दोन तरुण हातोडी घेऊन ती ठोकून पाहतात आणि काय आढळलें तें वहींत लिहितात. फलक पुन्हां होडीवर बसविला नाहीं. तो मांडवाच्या खांबावर आहे. देणाऱ्या कुटुंबास हें कळविलें तेव्हां त्यांस आनंदच झाला.

बंधुभगिनींनो, आपल्या ख्रिस्तमंदिराच्या ज्या मुख्य दालनांत आपण उपासनेस बसतों, त्यास लॅटिन भाषेंत जहाजाचेंच नांव दिलेलें आहे. पन्नास वर्षांच्या या जहाजास रंग देण्याचें काम महोत्सवानिमित्त उत्तम झालें, आणि त्याबद्दल समितीचें अभिनंदन केलें पाहिजे. आमची विनंती एवढीच कीं, रंग वाळल्यावर कोणी तरी हातोडीही फिरवावी. छपराचे वासे, भिंतींची ओल, हिशेबाची वही, आपापसांतील जुने रुसवे, या सर्वांवर हलक्या हातानें ठोकून पाहावें. जेथें भद्द आवाज येईल तेथें वरून चटई न चिकटवितां निरोगी लाकूड लागेपर्यंत उकरावें. तें काम कष्टाचें व थोडें लाजेचें आहे; पण पाण्याच्या मध्यावर फळी फाटण्यापेक्षां तें पुष्कळ सोपें आहे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.